आधी तिथी, मग बीच!

डिसेंबर उजाडला की नातेपुत्यातल्या प्रत्येक कॉलेज ग्रुपवर एक मेसेज पडतोच पडतो : 'ह्या वेळी कोकण फिक्स!' त्याखाली दहा-बारा अंगठे, दोन नारळाची झाडं आणि एक लाट. पुढचे तीन दिवस भांडण. एक म्हणतो काशीद, दुसरा म्हणतो गणपतीपुळे. ज्यानं आजवर फक्त रील बघितलीत तो तारकर्लीवर अडून बसतो, आणि एक जण कायम 'गोवा'च म्हणतो. गाडी कुणाची, डिझेल किती, राहायचं कुठं, सगळं ठरतं. एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही : त्या दिवशी तिथी काय आहे?

तुम्ही म्हणाल, समुद्रावर जायला तिथी कशाला बघायची? लग्न आहे का? तर थोडं थांबा. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी दरवर्षी आपल्या गावात मुक्कामाला असते. एकादशी कधी, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही विचारावं लागत नाही. म्हणजे समुद्राचं टाइमटेबल वाचायला जे लागतं, ते तुमच्या घरात भिंतीवर टांगलेलं आहे. फक्त ते तसं वाचायची आपल्याला सवय नाही.

कारण आपण पडलो घाटावरची, त्यातही कोरड्या पट्ट्यातली माणसं. आपल्याकडं पाणी कसं येतं? नीरा उजव्या कालव्याला आवर्तन सुटलं की येतं, तेही आधी कळवून. विहिरीतलं पाणी उन्हाळ्यात खाली जातं, पावसाळ्यात वर येतं. दिवसातून दोनदा चढणारं आणि दोनदा उतरणारं पाणी आपण कधी बघितलेलंच नसतं. शाळेच्या भूगोलात 'उधाणाची भरती' आणि 'भांगाची भरती' अशी आकृती होती, ती दोन मार्कांसाठी काढली आणि सोडून दिली. कोकणातलं पोर ही आकृती न काढता शिकतं, कारण त्याच्या बापाची होडी त्या वेळेवरच सुटते.

पाऊणचा पाढा

कोकणात पूर्वापार चालत आलेला एक हिशेब आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणा, म्हणजे तीननं गुणून चारनं भागा. जो आकडा येईल, साधारण त्या वाजता पूर्ण भरती. सकाळीही आणि संध्याकाळीही. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, दोन्हीकडं प्रतिपदेपासून एक, दोन, तीन असंच मोजायचं.

एकादशी घ्या, आपल्या ओळखीची. अकरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाआठ. एकादशीला सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास समुद्र पूर्ण भरलेला असणार. भरती ते ओहोटी हे अंतर सहा तासांपेक्षा थोडं जास्त असतं, म्हणजे पूर्ण ओहोटी दुपारी सव्वादोन-अडीचला. (तुम्ही त्या वेळी साबुदाण्याची खिचडी शोधत असाल तर तो वेगळा प्रश्न.) अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराच्या पुढं. चतुर्थीला भरती दुपारी तीनला. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे, आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाला. रोज ही वेळ पाऊण तासानं, खरं तर पन्नासेक मिनिटांनी, पुढं सरकते. चंद्र रोज तेवढाच उशिरा उगवतो म्हणून.

हा हिशेब घड्याळासारखा काटेकोर नाही. अर्धा-एक तास इकडंतिकडं होतो. मालवण-वेंगुर्ल्याकडं भरती मुंबईच्या आधी लागते, त्यामुळं तिकडं थोडं अलीकडचं धरायचं. नेमकी वेळ हवी असेल तर मोबाइलवर भरती-ओहोटीचे तक्ते मिळतात, त्या त्या बंदराच्या नावानिशी. पण ट्रिपची तारीख ठरवताना, म्हणजे दीड महिना आधी चहाच्या टपरीवर बसून, हा पाऊणचा पाढा पुरतो. गंमत म्हणजे आपल्याकडं घरोघरी टांगलेलं 'कालनिर्णय' १९७३ साली सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचे. समुद्राकाठच्या माणसानं काढलेलं कॅलेंडर आपण वर्षानुवर्षं घाटावर बसून फक्त उपासतापास बघायला वापरतोय.

वेळ झाली, आता जोर बघा. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात म्हणून पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. हे उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात पडते, पाणी कमी चढतं, कमी उतरतं. ही भांगाची भरती. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात उधाणाला पाण्याची पातळी चार-साडेचार मीटरनं बदलू शकते, म्हणजे दीड मजला. मालवण-गोव्याकडं हाच फरक साधारण दोन मीटर. त्यामुळं तिथीचं महत्त्व सगळीकडं असलं तरी रायगडातल्या बीचवर जाताना ते दुप्पट धरा.

पौर्णिमेची रात्र आणि स्कॉर्पिओ

आता हे तुमच्या प्लॅनला लावून बघा. 'पौर्णिमेच्या रात्री बीचवर तंबू टाकू, शेकोटी करू' हा प्लॅन ऐकायला भारी आहे. तुम्ही संध्याकाळी सहाला पोहोचता. समोर सूर्य बुडतोय, पाठीमागं माडांवरून चंद्र वर येतोय, आणि समुद्र लांब गेलाय. वाळू ओली, सपाट, टणक. फुटबॉल खेळता येईल एवढं मैदान. साहजिकच कुणीतरी गाडी खाली घेतं, कारण फोटो. तंबूही तिथंच ठोकला जातो. त्या क्षणी समुद्र नेमका त्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर असतो, आणि रात्री बाराला तो महिन्यातल्या सगळ्यात वरच्या पायऱ्यांपैकी एकीवर येणार असतो. म्हणजे जिथं तुम्ही झोपलात तिथं. किनाऱ्यावर सुरूची झाडं लावलेली दिसतात, त्यांच्या मुळांपर्यंत पाणी येतं. समुद्रात अडकलेल्या गाडीचे आणि तिला दोर लावून ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. त्यात इंजिनाचं काही चुकलेलं नसतं. चाकाखालची वाळू प्रत्येक लाटेबरोबर सुटत जाते आणि गाडी रुतत जाते.

तंबू टाकायचाच तर आधी वाळूवर वाळलेल्या शेवाळाची, काटक्यांची, शिंपल्यांची रेघ शोधा. ती मागच्या भरतीची हद्द. तिच्याही बऱ्याच वर, आणि गावातल्या माणसाला विचारून. गाडी तर खालीच न्यायची नाही. बऱ्याच ठिकाणी त्याला बंदीही आहे आणि दंडही होतो.

एकतीस डिसेंबरला कोणती तिथी येतेय, ते मी इथं सांगत नाही. उठा आणि भिंतीवर बघा.

कालव्यात पोहणाऱ्यांसाठी

इथं जरा थांबून बोलू, कारण आपल्या भागातल्या पोरांना सगळ्यात जास्त धोका ह्याच गोष्टीचा आहे. आपल्याला पोहता येतं. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलो, मग कालव्याला पाणी सुटलं की पुलावरून सूर मारले. त्यामुळं समुद्राकाठी उभं राहिलं की छाती फुगते. ज्याला पोहता येत नाही तो गुडघाभर पाण्यातून मागं फिरतो. ज्याला येतं तो छातीभर पाण्यात जातो.

पण विहिरीला कठडा असतो. कुठल्याही बाजूला चार हात मारले की दगड हाताला लागतो. कालव्याचं पाणी जोरात असलं तरी एकाच दिशेनं वाहतं आणि दोन्ही काठ जागेवर असतात. समुद्राला एकच काठ आहे, आणि पाणी तुम्हाला त्या काठाकडं आणतं तसंच काठापासून नेतंही. लाटांनी किनाऱ्यावर ढकललेलं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दोन उंचवट्यांमध्ये जी चिंचोळी खोलगट जागा असते, तिथून ते ओढ्यासारखं आत पळतं. आता ह्यातली फसवी गोष्ट ऐका : ह्या परतीच्या ओढ्यावर लाटा कमी फुटतात. बाजूला पांढरा फेस, आणि मध्येच एक शांत, गडद पट्टा. नवखा माणूस बघतो आणि म्हणतो, 'चला, इथं लाटा नाहीत, इथं उतरू.'

त्यात सापडलात तर कितीही चांगलं पोहत असलात तरी सरळ किनाऱ्याकडं पोहून येणं जवळपास अशक्य. दमायला होतं आणि दमलेला माणूस बुडतो. ओढ्याशी भांडायचं नाही. तोंड वर ठेवून तरंगत राहायचं, आणि किनाऱ्याला समांतर, डावीकडं किंवा उजवीकडं पोहायचं. हा पट्टा फार रुंद नसतो. त्याच्या बाहेर पडलात की लाटाच तुम्हाला काठाकडं आणतात. हे वाचायला सोपं आहे, पाण्यात आठवणं अवघड. म्हणून पाण्यात उतरायच्या आधी ग्रुपमधल्या प्रत्येकाला तोंडी सांगा. नुसतं फॉरवर्ड करू नका.

१ फेब्रुवारी २०१६ ला रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतले डझनाहून जास्त विद्यार्थी बुडाले. पुढच्याच वर्षी, १५ एप्रिल २०१७ ला, मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या सहलीतले आठ जण गेले. दोन्ही तारखा नीट बघा. फेब्रुवारी आणि एप्रिल. पाऊस नाही, वादळ नाही, समुद्र खवळलेला नाही. दोन्ही वेळा दिवसाउजेडी, आणि दोन्ही वेळा आपल्यासारखीच समुद्रापासून लांब वाढलेली पोरं. कॉलेजचं वय, वीस-बाविसाच्या आतबाहेर. त्या बातम्या पुन्हा वाचताना मला त्यातल्या फोटोंपेक्षा वय हा रकाना जास्त वेळ दिसत राहिला.

अशा घटनांमध्ये एक जण ओढला जातो आणि त्याला काढायला दुसरा, तिसरा उडी मारतो, म्हणून आकडा वाढतो. गावाकडं विहिरीत कुणी बुडायला लागलं की आपण उडी मारतोच, ते रक्तात आहे. समुद्रात ती उडी मारायची नाही. तरंगणारं काहीतरी फेका. पाच लिटरचा रिकामा कॅन, झाकण घट्ट लावून, दोरी बांधलेला. असा एक कॅन आणि वीस मीटर दोरी गाडीत असू द्या, किमतीला ती तुमच्या चिप्सच्या पाकिटांपेक्षा फार जास्त नाही. आरडाओरडा करून होडीवाल्यांना बोलवा, एकानं ११२ लावायचा. तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आहे.

आणि साधा नियम : ओहोटी लागल्यावर पाण्यात उतरायचं नाही. त्या सहा तासांत समुद्राचं सगळं पाणी परत चाललेलं असतं, ते तुम्हालाही बरोबर नेऊ बघतं. भरती चढत असताना, कंबरेच्या खाली, उजेडात. बाटली उघडली असेल त्यानं काठावर बसायचं. ह्या शेवटच्या वाक्यावर ग्रुपमध्ये वाद होतो, होऊ द्या.

मग कुठला बीच?

आता हा प्रश्न विचारायला हरकत नाही. पण त्याचं उत्तर इन्स्टावर शोधण्याआधी नकाशात घाट शोधा. नातेपुत्याहून समुद्राकडं जायचं म्हणजे सह्याद्रीतला एक दरवाजा निवडायचा, आणि दरवाजा निवडला की बीच जवळपास आपोआप ठरतो.

फलटण-सातारा करून महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाटानं पोलादपूर, मग खेड-दापोली : हा मुरूड, कर्दे, हर्णै, आंजर्ल्याचा रस्ता, पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. साताऱ्याहून खाली उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण : हा गुहागर, वेळणेश्वर, हेदवीचा रस्ता, त्याहून थोडा कमी. आपल्यासाठी सगळ्यात सुटसुटीत हाच. तिसरा दरवाजा दुसऱ्याच दिशेला आहे. वेळापूर, सांगोला, आणि तिथून रत्नागिरी-नागपूर हायवेनं मिरज, कोल्हापूर. पुढं आंबा घाटानं गणपतीपुळे, किंवा गगनबावडा नाहीतर फोंडा घाटानं मालवण. साडेतीनशेच्या घरात. दोन दिवसांच्या सुट्टीत तारकर्ली म्हणजे एक दिवस जाण्यात आणि एक येण्यात, मध्ये फक्त अंघोळ. तीन रात्री असतील तरच त्या वाटेला जा.

'रेल्वेनं जाऊ' म्हणणारा एक जण असतोच. त्याला सांगा, कोकण रेल्वे घाटाच्या पलीकडून जाते. कोल्हापूरहून वैभववाडीला उतरणाऱ्या मार्गाची चर्चा आपण लहानपणापासून ऐकतोय, गाडी अजून आलेली नाही. त्यापेक्षा एसटी बरी. थेट गाडीची वाट न बघता साताऱ्याला किंवा कराडला बदला, चिपळूणकडं जाणारी गाडी मिळते. मार्च २०२३ पासून मुलींना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं मुलींच्या ग्रुपला हा प्रवास भाड्याच्या गाडीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पासही आहे, चार आणि सात दिवसांचा. चार दिवसांत दोन-तीन गावं करणार असाल तर कागदावर हिशेब मांडून बघा.

नावांची एक भानगड इथंच मिटवू. मुरूड दोन आहेत. एक रायगडातलं, जंजिरा किल्ल्याजवळचं. दुसरं दापोली तालुक्यातलं, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. दोन्हीकडं सुंदर बीच, दोन्हीकडं माड, पण एकाचं बुकिंग करून दुसऱ्याला पोहोचलात तर मध्ये अख्खी सावित्री खाडी आहे. वेळासही दोन आहेत. कासवांचं वेळास मंडणगड तालुक्यातलं, दुसरं श्रीवर्धनकडं दिवेआगरजवळ. मॅपवर नाव टाकताना तालुका बघून टाका.

कासवांच्या वेळासबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथं पाण्यात न उतरताही पैसे वसूल होतात. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या थंडीत रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी घालतात. पूर्वी ती अंडी कोल्ही-कुत्री खायची, माणसंही न्यायची. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती घरटी राखायला सुरुवात केली. अंडी उचलून कुंपणात, तेवढ्याच खोलीवर पुरायची, आणि पिल्लं वर आली की सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडायची. साधारण फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत हे बघता येतं. गावात हॉटेलं नाहीत, लोकांच्या घरी उतरायचं, पंगतीत जेवायचं. पिल्लू हातात घ्यायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही. एखाद्या दिवशी एकही पिल्लू वर येत नाही, हेही मनाची तयारी करून जा. तो कासवांचा दिवस आहे, आपल्या सुट्टीचा नाही.

देवदर्शन आणि समुद्र एकत्र हवा असेल, म्हणजे घरची माणसंही बरोबर असतील, तर हरिहरेश्वर, गणपतीपुळे आणि कुणकेश्वर ही नावं येतात. हरिहरेश्वरला देवळामागून खडकातल्या पायऱ्या उतरून समुद्राच्या कडेनं प्रदक्षिणा आहे. ती फक्त ओहोटीतच करायची. इथंही आपला पाढा वापरा, पण एक बारकावा लक्षात ठेवा : अष्टमीच्या आसपास ओहोटीही अर्धवटच असते, पाणी पूर्ण मागं हटत नाही. त्यामुळं वेळ बरोबर असली तरी देवळातल्या माणसांना विचारल्याशिवाय त्या पायऱ्या उतरू नका. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत जातात, तिथंही हेच. उलट हेदवीला भरतीतच जायचं, कारण तिथल्या बामणघळीत, म्हणजे खडकातल्या अरुंद भेगेत, भरतीचं पाणी घुसून उंच उसळतं. ओहोटीत गेलात तर नुसती भेग दिसेल. मात्र बघायचं लांबून. ओल्या खडकावर सेल्फीसाठी पुढं सरकणारा माणूस पाठीमागची लाट बघत नसतो.

गणपतीपुळे आणि काशीद, दोन्ही ठिकाणं दिसायला देखणी, आणि दोन्हीकडच्या बुडाल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येत राहतात. जाऊ नका असं नाही. पाय भिजवा, सूर्यास्त बघा, पुळ्याच्या टेकडीला प्रदक्षिणा घाला. पोहायचा हट्ट असेल तर दुसरीकडं करा. खरंच पाण्यात खेळायचं असेल तर ज्या बीचवर त्या दिवशी जीवरक्षक हजर आहे तो बीच निवडा. बुकिंगच्या वेळी घरमालकाला फोनवर हा एकच प्रश्न विचारा. आपल्याकडं काही किनाऱ्यांवर जीवरक्षक आहेत, सगळीकडं नाहीत. गोव्यात २००८ पासून मुख्य किनाऱ्यांवर ते दिवसभर असतात, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यात पोहायचं आणि नुसता लाल झेंडा असेल तिथं उतरायचं नाही. गोव्याबद्दल आपण इतकं बोलतो, पण हे झेंडे कुणी सांगत नाही.

जून ते ऑगस्ट हा विषयच नाही. मासेमारी १ जूनपासून बंद होते, मेच्या अखेरीस वॉटर स्पोर्ट्स आणि सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही थांबतात. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगतात, ते नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात घालत नाहीत, आणि आपण जुलैत पावसात भिजत लाटांसमोर रील काढतो.

तर एक प्लॅन मांडून दाखवते. नवमीचा शनिवार, दशमीचा रविवार, गुहागर. अष्टमी ते दशमी हे दिवस मी मुद्दाम निवडलेत. भांगाची भरती, म्हणजे जोर कमी. नवमीला नऊ गुणिले पाऊण, पावणेसातला भरती, ओहोटी दुपारी एकच्या सुमारास. पहाटे पाचला नातेपुत्यातून निघालात तर चहा-नाश्ता आणि कुंभार्ली घाटासह दुपारी एक-दोनपर्यंत गुहागर. रात्री निघून घाट झोपेत उतरायचा शहाणपणा करू नका. जेवून, थोडं पडून, साडेतीनला समुद्रावर. पाणी तेव्हा चढत असतं, उजेड भरपूर असतो, आणि तीन दिवस जरी हिशेब थोडा चुकला तरी तुम्ही भरतीच्याच बाजूला असता. साडेपाचला बाहेर. सूर्यास्त काठावर बसून.

रविवारी दशमी, साडेसातला भरती. उजाडायच्या आत उठून हेदवी गाठा, बामणघळ बघा. भांगाची भरती म्हणून पाणी पौर्णिमेइतकं उसळणार नाही, ते पत्करायचं. मग दशभुजा गणपती, येताना वेळणेश्वर. तोपर्यंत ओहोटी लागलेली असते, म्हणजे पाण्यात कुणी नाही. गुहागरात व्याडेश्वराचं देऊळ, आणि जेवण. आपल्यातल्या माळकऱ्यांची काळजी नको. घरगुती खानावळीत उकडीचे मोदक, आमटी-भात, सोलकढी मिळते, आधी सांगून ठेवावं लागतं एवढंच. ज्यांना सुरमई हवी त्यांना तीही मिळते. तो वाद जेवणाच्या टेबलावर नको, दोन खानावळी करा.

घरी काय सांगायचं? आपल्याकडच्या आया 'समुद्र' म्हटलं की पहिलं 'नको' म्हणतात, कारण त्यांनी त्याच बातम्या वाचलेल्या असतात. मग 'प्रोजेक्टला पुण्याला चाललोय' असं सांगून गुहागर गाठलं जातं, आणि काही झालं तर घरच्यांना पोरं कोणत्या जिल्ह्यात आहेत हेही माहीत नसतं. त्यापेक्षा कॅलेंडर काढून आईसमोर बसा. ही नवमी, ही भरती, ह्या वेळेला पाण्यात, ह्या वेळेला बाहेर, हा घरमालकाचा नंबर. तिथीची भाषा तिला तुमच्याआधी येते. पाऊणचा पाढा ती तुमच्यापेक्षा लवकर पाठ करेल, आणि मग साडेपाचला तिचा फोन येईल : 'बाहेर आलात का?'

रविवारी दोनच्या आत गुहागर सोडा. कुंभार्ली उजेडात चढून होतो, आणि पाटणला चहाला थांबलात तरी रात्री दहाच्या आसपास घरी.